हात धुतलेत का, एवढं विचारा

नाशिक,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट बोलणं होत नाही. बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई मी जेवले का ते विचारते, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. तुम्ही दोघं समोर बसल्याशिवाय वाचायचं नाही, असं दादाला बजावलंय.

गुरुवारी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सर्जन चांगले आहेत, त्यांच्याबद्दल मला शंका नाही. माझा जीव अडकलाय तो इन्फेक्शनमध्ये. आई, तू सगळ्यांना सांगतेस की ताई नाशिकला सिस्टर आहे. खरंय, पण गेली नऊ वर्षं मी सलाईन लावायचं काम करत नाही. मी वॉर्डावॉर्डात फिरते आणि बघते की पेशंटला हात लावण्याआधी कोणी हात धुतले, कोणी नाही. कोणाची लघवीची नळी किती दिवस झाली, ती आज काढता येईल का. सलाईनची सुई टोचलेली जागा लाल झालीय का. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यातच गेली का. कोणाच्या जखमेत पू झाला तर तो कुठून आला असेल, याचा माग काढते. दवाखान्यात बरं व्हायला आलेला माणूस तिथलाच आजार घेऊन घरी जाऊ नये, एवढ्यासाठी माझी नोकरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये आकडा दिला होता: आपल्यासारख्या देशांत दवाखान्यात भरती झालेल्या शंभरातल्या पंधरा जणांना असं काही ना काही इन्फेक्शन होतं. श्रीमंत देशांतही सात जणांना होतं.

हे काम मी का धरलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आप्पांमुळे.

आप्पांचं खुब्याचं हाड बसवलं तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दवाखान्याचं नाव आता काढत नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला एक जण आले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची चिघळलेली जखम त्यांनी पुसली आणि त्याच हातमोज्यांनी ते आप्पांकडे वळले. मी उशाशी उभी होते. मोजे पेशंटगणिक बदलायचे आणि मोजे काढल्यावरही हात धुवायचे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला मी कसं बोलणार, असं वाटलं. पुढे आप्पांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. पू, दुसरं ऑपरेशन, विकलेली बैलजोडी. तो जंतू त्याच हातमोज्यांवरून आला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी गप्प बसले, हे खरं आहे आणि ते माझ्या मनातून जात नाही.

गुडघ्यात आता धातू बसणार, म्हणून जास्त जपायचं. एरवी जखमेतल्या जंतूंना आपलं रक्त आणि औषध मिळून मारतं. धातूवर मात्र जंतू चिकट थर धरून बसतात, आणि त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. मग गुडघा परत उघडावा लागतो, कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. असं शंभरात एखाद-दुसऱ्याचं होतं, घाबरू नका. पण ते टाळायचं बरंचसं काम ऑपरेशनच्या आधी, आपल्या घरात होतं.

बाबा, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बघा. पावसाळाभर चिखलात उभे असता, चिखल्या झाल्या असणारच. भेगाही असतील. त्वचा फुटलेली जागा म्हणजे जंतूंना उघडी वाट. उद्याच फोटो काढून पाठवा, लपवू नका. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं तरी चालेल, द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला अजून अवकाश आहे. ती दुखरी दाढसुद्धा डॉक्टरांना सांगा. शुगरची गोळी एकही चुकवू नका, वाढलेल्या साखरेत जखम लवकर भरत नाही. तंबाखूचं मी वेगळं काय सांगू. आणि गावातल्या न्हाव्याकडून गुडघा तासून आणू नका. वस्तऱ्याने दिसणार नाहीत इतके बारीक काप जातात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच झाले तर इथे मशीनने काढतील. आदल्या रात्री आणि सकाळी अंगभर साबण लावून आंघोळ करा, नखं कापा.

भारी इंजेक्शनं द्यायला सांग, असं तुम्ही दादाला म्हणालात म्हणे. ॲन्टिबायोटिक मिळणार आहे, काप घ्यायच्या आधी तासाभरात, म्हणजे सुरी लागते तेव्हा ते रक्तात असतं. ऑपरेशननंतर दिवसच्या दिवस चालू ठेवल्याने जखमेचं जास्त रक्षण होत नाही. तुम्हाला हे द्राक्षावरून कळेल. भुरी रोगावर एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की ते लागू पडेनासं होतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. जंतूंचंही तसंच आहे. आमच्याकडे असे कल्चर रिपोर्ट, म्हणजे जंतूंवर कोणतं औषध चालेल त्याच्या तपासणीचे कागद, येतात की औषधांच्या यादीपुढे ओळीने 'रेझिस्टंट', म्हणजे लागू पडत नाही, असं लिहिलेलं असतं. असा कागद हातात आला की पेशंटच्या माणसांना काय सांगावं कळत नाही.

आता भेटायला येणाऱ्यांचं. बाबा, निर्यातीचा माल भरताना पॅकहाउसमध्ये तुम्ही प्रत्येक बाईला हात धुवायला लावता, टोपी आणि मोजे असल्याशिवाय आत सोडत नाही. मग तुमच्या खाटेभोवती पिकअप भरून गाव का जमावं? सर्दी-खोकला असलेल्याने येऊच नये. येईल त्याने दारातल्या बाटलीतलं औषध हातांना चोळावं, खाटेवर न बसता खुर्चीवर बसावं. वाईट मी होईन, माझं नाव सांगा.

आई, हे तुला. वणीचा अंगारा आणशील, जरूर आण. कपाळाला लाव, पट्टीवर टाकू नकोस. पट्टी ओली झाली, सुटली, तर पदराने टिपू नकोस, सिस्टरला हाक मार. लघवीची नळी घातली तर पिशवी कमरेच्या खाली राहू दे, पण फरशीला टेकू देऊ नकोस. रोज सकाळी राऊंडला विचार, "नळी आज निघेल का?" ती जितके दिवस राहते तितका धोका वाढतो. तुझे हात तू दिवसातून दहादा धुतेस, पण बांगड्या तशाच असतात. त्या घरी ठेवून ये म्हणत नाही, कोपरापर्यंत मागे सारून मनगटापासून धुवत जा.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. कोणीही, अगदी मोठे डॉक्टर जरी गुडघ्याला हात लावायला आले, तरी विचारायचं: "साहेब, हात धुतलेत ना?" आई म्हणेल, त्यांचा अपमान होईल. व्हिएन्नाच्या दवाखान्यात 1847 साली हेच झालं. तिथे बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बायका जास्त मरायच्या. बायका हातापाया पडायच्या, आम्हाला तिकडे नका पाठवू म्हणून. सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की विद्यार्थी प्रेतं चिरून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या, उन्हाळ्यात ते दोनाच्या आसपास आलं. तरी बड्या डॉक्टरांना ते सहन झालं नाही. आमचे हात माणसं मारतात असं म्हणता? सेमेलवाईसची नोकरी गेली. 1865 मध्ये ते वेड्यांच्या इस्पितळात वारले, तेही जखम चिघळून.

आज चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. परवा एका आजींनी आमच्या सरांना विचारलं, तर ते खाटेपासून मागे फिरले, हात चोळले आणि म्हणाले, "बरं केलंत." तरी तुमची जीभ रेटणार नसेल तर आई, तू नुसती बाटली त्यांच्यापुढे धर. तेवढंही पुरेल.

बुधवारी दुपारी आडगाव नाक्याला पोचलात की फोन करा, मी तिथे उभी असेन. आधीचे सगळे रिपोर्ट आणि शुगरची वही पिशवीत वरच ठेवा. चिखल्यांचा फोटो उद्या सकाळी, उजेडात काढा.

तुमची,
ताई