सूचना : लेआउटमधली मोकळी जागा, विकास शुल्क आणि कलम ५३

नवे प्रस्ताव दाखल करणाऱ्या सभासदांनी वाचावे. (मोकळ्या जागेचा नियम राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतला. मुंबई महापालिका हद्दीला ही नियमावली लागू नाही.)

भूखंड ०.४ हेक्टर किंवा जास्त असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. घोळ होतो तो क्षेत्र मोजताना. आधी डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता व सार्वजनिक वापरासाठीचे आरक्षण वजा करा, मग टक्के काढा. ६,००० चौ.मी.मधून ८०० चौ.मी. रस्ता गेला तर ५,२०० उरतात आणि मोकळी जागा ५२०. नकाशावर ६०० दाखवून विनाकारण जागा घालवणारेही कमी नाहीत. ही जागा शक्यतो एकसंध हवी. कोपऱ्यातले उरलेसुरले तुकडे जोडून बेरीज जुळवाल तर प्रस्ताव परत येईल. ती रहिवाशांची असते, तिथे पार्किंगचे पट्टे मारू नका.

विकास शुल्क रेडीरेकनरमधल्या (सरकारी वार्षिक दरपत्रकातल्या) जमिनीच्या दरावर : निवासी वापरासाठी जमिनीवर अर्धा टक्का, बांधकामावर २ टक्के. दर २०,००० असेल तर बांधकामाला चौ.मी.मागे ४०० रुपये. मेट्रोच्या शहरांत अधिभार वेगळा.

वाढीव बांधकामाबद्दल एमआरटीपीच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या) कलम ५३ची नोटीस आली तर लेखी खुलासा देऊन स्वस्थ बसू नका. नोटिशीतल्या मुदतीतच कलम ४४खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करा. त्याचा निर्णय होईपर्यंत नुसत्या नोटिशीवरून पाडकाम होत नाही. अर्जावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्याच, मुदतीचा वाद तिथेच मिटतो.