पहाटेचे टेम्पो आणि वेगमर्यादा

महोदय,

पहाटे पाचच्या सुमारास तावडे हॉटेलकडून कावळा नाक्याकडे सुसाट येणारे दूध-भाजीचे टेम्पो मी रोज पाहतो. परवा एकाच्या फाळक्याची साखळी सुटून कोथिंबिरीच्या जुड्या दुभाजकापर्यंत उधळल्या, तरी गाडी थांबली नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीत मोटारींना ताशी कमाल ७० किलोमीटरची, तर मालवाहू वाहनांना ६० चीच मर्यादा आहे. हा फरक किती चालकांना ठाऊक असेल, कोण जाणे! २०१९ च्या कायदादुरुस्तीने हलक्या वाहनांना वेगासाठी १००० ते २००० रुपये दंड ठरला खरा; पण तपासणी दिसते ती दिवसाच. भाजीची आवक होते त्या वेळेतच येथे स्पीडगन लावावी, ही विनंती.

– एक वाचक, रुईकर कॉलनी, कोल्हापूर