ताळा घेऊन पुढं जा

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तू सकाळी लवकर क्लासला जातेस आणि गुळाचा हंगाम असल्यानं मला मार्केट यार्डातून घरी यायला रात्र होते, म्हणून हे कागदावर लिहितोय. पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर मी दुकानात घेऊन आलो होतो. शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या संपल्यावर ओळ न् ओळ वाचला.

४० पैकी २९. आकड्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आईला तू म्हणालीस, "सगळं येत होतं, सिली मिस्टेक झाल्या." ते बरंचसं खरं आहे. गेलेल्या ११ मार्कांतलं ३ मार्कांचं एक गणित तुला सुचलंच नाही, ते तू कोरं सोडलंस. बाकीचे ८ मार्क येत असलेल्या गणितांत गेले. पण 'सिली मिस्टेक' एवढं म्हणून विषय मिटवू नकोस. एखाद्या गोष्टीला किरकोळ म्हटलं की तिचं कारण कुणी शोधत नाही, आणि कारण सापडलं नाही की तीच चूक बोर्डाच्या पेपरात पुन्हा होते. "लक्ष देऊन सोडव" असंही मी म्हणणार नाही. ते तुला सगळ्यांनी सांगून झालंय. तुझं अक्षर बघूनच कळतं की लक्ष होतं.

मी तुझ्या चुका एका कागदावर वेगळ्या काढल्या. त्या दहा ठिकाणी विखुरलेल्या नाहीत. बहुतेक सगळ्या दोनच जागी आहेत. वजा चिन्हाच्या पुढं पुन्हा ऋण संख्या आली की तुझा हात घसरतो, आणि प्रश्नाची शेवटची ओळ तू अर्धी वाचतेस. म्हणजे तुझं सगळं गणित कच्चं नाही. या दोन जागा पक्क्या केल्या की पुष्कळसं काम होईल.

पहिली जागा बघ. वर्गसमीकरण होतं २क्ष² + ५क्ष − ३ = ०. सूत्र पाठ होतं, मांडलंसही बरोबर. मग बी वर्ग वजा चार एसी काढताना लिहिलंस २५ − २४ = १. इथं सी आहे −३. वजा ४ गुणिले २ गुणिले वजा ३ म्हणजे अधिक २४. तिथं ४९ यायला हवे होते. उत्तरं १/२ आणि −३ यायची, तुझी आली −१ आणि −३/२. सगळी आकडेमोड एका ओळीत उरकल्यामुळं हे झालं. आधी ए = २, बी = ५, सी = −३ असं चिन्हासकट लिहून घे, आणि किंमत घालताना कंस घाल: (५)² − ४ × (२) × (−३). कंसानं ओळ थोडी लांबते, पण वजा चिन्ह डोळ्यांसमोर राहतं.

याच गणिताखाली तू बारीक अक्षरात ताळा घेतलेला दिसला, ते बघून मला फार बरं वाटलं. मुळांची बेरीज वजा बी भागिले ए यायला हवी, म्हणजे −५/२. तुझ्या चुकीच्या मुळांची बेरीज सुद्धा −५/२ च आली. ताळा बसला म्हणून तू पुढं गेलीस. आता हे नीट समजून घे. सूत्रात एकदा अधिक आणि एकदा वजा घेऊन दोन मुळं काढतो. त्यांची बेरीज केली की वर्गमुळाचा भाग उडूनच जातो. त्यामुळं आत काहीही चुकलेलं असलं तरी बेरीज बरोबरच दिसते. तुझी चूक नेमकी वर्गमुळाच्या आत होती, ती या ताळ्यात सापडणारच नव्हती. गुणाकार बघितला असतास तर सापडली असती. सी भागिले ए म्हणजे −३/२ हवा, तुझा येतो +३/२. किंवा सरळ क्ष = −१ घालून बघ: २ − ५ − ३ म्हणजे −६. शून्य नाही, म्हणजे मूळ चुकलंय. याला अर्धं मिनिटही लागत नाही.

एकसामयिक समीकरणांत पण तसंच झालंय. ४क्ष + ३य = १७ आणि ४क्ष − ५य = −७. वजाबाकी करताना खालच्या ओळीची सगळी चिन्हं बदलायची होती. तू उजवीकडचं बदललंस, १७ मध्ये ७ मिळवून २४ बरोबर आणलेस, पण डावीकडं −५य तसाच ठेवलास. ८य च्या जागी −२य झालं आणि य आला −१२. मग पहिल्या समीकरणात घालून क्ष काढलास ५३/४ आणि त्याच पहिल्या समीकरणात ताळा घेतलास. तो बसणारच, कारण क्ष तिथूनच काढलेला होता. ताळा दुसऱ्या समीकरणात घ्यायचा. ५३ + ६० = ११३, आणि पाहिजेत −७. लगेच कळलं असतं. खरं उत्तर क्ष = २, य = ३. आणि ५३/४ सारखा वेडावाकडा अपूर्णांक आला की जरा थांबून वर बघत जा. अपूर्णांक उत्तर असू शकतं, पण पेपरात पुष्कळदा तो चूक झाल्याचा पहिला इशारा असतो.

आमच्या दुकानात रोज हेच चालतं. सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी करायची: वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई वजा. १,२३६ किलो गूळ, क्विंटलला ४,२०० दर धर. हिशोबाला बसण्याआधी मी मनात म्हणतो, बारा क्विंटलच्या वर, दर चार हजाराच्या वर, म्हणजे पन्नास हजाराच्या आसपास. नेमकं येतं ५१,९१२. कुणी पाच लाख एकोणीस हजार काढले तर टिंब सरकलंय हे पट्टी न तपासता कळतं. हा अदमास तू प्रत्येक गणिताच्या आधी घे. महत्त्वमापनात तर घेच. टाकीचा व्यास १.४ मीटर दिला आणि उंची २ मीटर, तर त्रिज्या ०.७ मीटर, घनफळ ३.०८ घनमीटर, म्हणजे ३,०८० लिटर. व्यासच त्रिज्या म्हणून घेतला तर १२,३२० लिटर येतात. आपल्या गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे, ती डोळ्यापुढं आण. दीड मीटरही रुंद नसलेल्या टाकीत तसल्या बारा टाक्या मावतील का?

रात्री किर्दीचा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचा, मेळ बसला नाही की फरकाच्या आकड्याला आधी ९ नं भागून बघायचं, हे मला जुन्या दिवाणजींनी शिकवलं. ५१,९१२ च्या जागी खतावणीत, म्हणजे खातेवहीत, ५१,१९२ पडले तर फरक येतो ७२०, त्याला ९ नं पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले की फरक कायम ९ च्या पटीत असतो. का, ते तूच बीजगणितानं सिद्ध करून बघ. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब घे, उलटी संख्या लिही, वजा कर. दोन ओळींत होतं. ९ नं भाग गेला नाही तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम नावे, म्हणजे खर्चाच्या, बाजूला पडली की फरक दुप्पट होतो. ३५० ची हमाली चुकीच्या बाजूला गेली तर मेळात ७०० चा घोळ. म्हणजे चूक कुठल्या जातीची आहे हे ओळखता आलं तर सगळी वही उलटायला लागत नाही. म्हणूनच मी तुझ्या चुका जागेवार मांडल्या.

आणखी एक दुकानातलंच. बेरीज एकदा वरून खाली केली असली तर तपासताना खालून वर करायची. त्याच वाटेनं गेलं की डोळा मघाचाच आकडा पुन्हा बरोबर म्हणून वाचतो. तू पेपर पंधरा मिनिटं आधी संपवून "परत एकदा बघितला" म्हणालीस ना, तेव्हा हेच झालं असणार. वरून नजर फिरवून चूक दिसत नाही. उत्तर समीकरणात घालून बघ, भागाकार केला असशील तर गुणून बघ. आणि हे शेवटासाठी राखू नकोस, प्रत्येक गणित संपलं की तिथंच कर, कारण त्या क्षणी सगळं डोक्यात ताजं असतं. ४० मार्कांना दोन तास, म्हणजे मार्काला ३ मिनिटं. एक मार्काच्या पर्यायी प्रश्नाला तेवढी लागत नाहीत, तो वेळ ताळ्याला वापर. तिथं पर्याय चुकला की पूर्ण मार्क जातो, पायऱ्यांचे मार्क मिळत नाहीत. दोन-तीन मार्कांच्या गणितात निदान मांडणीचे तरी मिळतात.

आता दुसरी जागा, शेवटची ओळ. जीएसटीच्या गणितात वस्तूची किंमत करासह १,१८० रुपये दिली होती, दर १८ टक्के. तू १,१८० चे १८ टक्के काढलेस, २१२.४०. 'करासह' हा शब्द वाचला असतास तर करपात्र किंमत १,००० आणि कर १८० हे तुला तोंडी आलं असतं. वयाच्या गणितात मुलाचं वय क्ष धरलंस, क्ष काढलास, चौकट केलीस आणि थांबलीस. विचारलं होतं वडिलांचं वय. संभाव्यतेत 'किमान एक छाप' म्हणजे दोन्ही छाप असलेली शक्यता पण धरायची. दोन नाण्यांना ३/४ येतं, तू १/२ लिहिलंस, ते 'फक्त एक' चं उत्तर झालं. यावर उपाय एकच. प्रश्न वाचला की काय काढायचंय त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ, आणि उत्तर लिहिल्यावर पहिलं काम म्हणजे त्या रेघेकडं बघणं.

गणिताच्या वहीचं शेवटचं पान आजपासून चुकांसाठी ठेव. अख्खं गणित उतरवू नकोस. चुकलेली एक ओळ आणि तिच्याखाली बरोबर ओळ, बास. रोज अभ्यासाला बसताना आधी पाच-दहा नुसत्या ऋण संख्यांच्या वजाबाक्या करत जा, ५ − (−३), −४ − (−९) असल्या. दहावीतल्या मुलीला हे बारकं वाटेल. वाटू दे. आणि मोबाईलवर गुणाकार करायचा बंद कर, परीक्षेत तो हाताशी नसणार, आणि सवय नसलेला हात घाईत चुकतो.

रविवारी मला यार्डाला सुट्टी आहे. बोर्डाचा पेपर ११ ला असतो, तर आपणही ११ लाच बसू, घड्याळ लावून, एक जुनी प्रश्नपत्रिका. रात्री बारापर्यंत जागून सोडवलेल्या पेपरात हात कसा चालतो हे कळत नाही. मी शेजारी बसून यार्डाचे हिशोब करीन, बोलणार नाही. झाल्यावर मार्क मी देणार नाही. तू आधी स्वतःच चुका कुठल्या जागच्या ते लिही, मग मी बघतो.

भूमितीचा पेपर अजून माझ्या हातात आलेला नाही. अंतराच्या सूत्रात −३ पासून ५ पर्यंतचं अंतर तू २ काढलं असशील की ८, ते मला बघायचंय. उद्या जाताना तो टेबलावर काढून ठेव, आणि मागच्या वर्षीचा सराव संच आत्तीकडं आहे, तोही संध्याकाळी आण.

तुझे,
पप्पा