भीतीच्या झटक्यावर गांजा हा उपचार नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात येणारे तरुण रुग्ण एक प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत: पॅनिक डिसऑर्डरवर, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याच्या आजारावर, गांजा किंवा ‘विजया’चे (गांजाच्याच झाडाचे आयुर्वेदातील नाव) तेल चालते का? परदेशात तो औषध म्हणून मिळतो, मग आपल्याकडे का नको, असे त्यांचे म्हणणे असते. मी चोपड्यात सत्तावीस वर्षे फॅमिली डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण असा रुग्ण सर्वांत आधी आमच्याकडेच येत असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

‘मना जीव घाबरस’ एवढेच सांगत रुग्ण येतो. अचानक छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात आणि काही मिनिटांतच आपण आता मरणार अशी खात्री वाटू लागते. ईसीजी व्यवस्थित निघतो, थायरॉइडची तपासणीही ठीक येते, तरी पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणूस एसटीत बसणे, आठवडे बाजारात जाणे सोडून देतो. घरचे बाहेरचे लागले म्हणून भगताकडे नेतात आणि यात महिने जातात.

केळीच्या व्यापारात काम करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या मुलाला मित्राने चिलीम दिली होती. त्याच्या संमतीने, ओळख न देता हे सांगतो. पहिले आठ-दहा दिवस त्याला शांत झोप लागली आणि औषध सापडले असे त्याला वाटले. मग एका रात्री नेहमीपेक्षा जास्त ओढल्यावर असा झटका आला की भावाने त्याला मोटारसायकलवर मधे बसवून माझ्याकडे आणले. त्याची नाडी मिनिटाला 130 च्या वर होती. गांजातील टीएचसी हा घटक थोड्या मात्रेत काहींना सैल करतो, पण मात्रा वाढली की भीती आणि संशय वाढवतो आणि हृदयाचे ठोके तर हमखास वाढवतो. ज्या रुग्णाचा सारा आजारच ठोक्यांच्या भीतीभोवती फिरतो, त्याला ठोके वाढवणारा पदार्थ देणे कितपत शहाणपणाचे आहे? शिवाय चिलमीत टीएचसी किती आहे, हे ओढणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही ठाऊक नसते. रोजची सवय लागल्यावर बंद केले की चिडचिड, निद्रानाश आणि अस्वस्थता येते, आणि रुग्ण त्यालाच मूळ आजार समजून पुन्हा ओढतो.

गांजातील सीबीडी या दुसऱ्या घटकाविषयी थोडी आशा आहे, हे मान्य करायला हवे. ब्राझीलमधील संशोधकांनी 2011 मध्ये सामाजिक भीती असलेल्या 24 रुग्णांवर प्रयोग केला आणि शुद्ध सीबीडीची 600 मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतलेल्यांना भाषण करताना कमी भीती वाटली. मात्र तो आजार पॅनिक डिसऑर्डर नव्हता आणि एका दिवसाचा प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. ‘लॅन्सेट सायकिअट्री’त 2019 मध्ये निरनिराळ्या मानसिक आजारांवर गांजातील घटक वापरून झालेल्या 83 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही अशा उपचारांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असाच होता. अमेरिकेत सीबीडीच्या औषधाला 2018 मध्ये मान्यता मिळाली ती बालवयात सुरू होणाऱ्या दुर्मीळ अपस्मारासाठी. सीबीडी औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील काही विकरांना (एन्झाइम) अडवत असल्यामुळे आधीपासून चालू असलेल्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, हे तेल विकणारा सांगत नाही.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाची फुले-फळे असलेली टोके. टोकांशिवायची पाने त्या व्याख्येत येत नाहीत आणि ‘विजया’चे तेल याच आधारावर विकले जाते. पण पानांतही टीएचसी असतेच. कायद्याच्या व्याख्येत न बसणारी वस्तू आपोआप औषध ठरत नाही.

आणि या आजारावर उपचार आहेत, ते चांगले आहेत, फक्त धीर लागतो. नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते आणि नेमके त्याच दिवसांत रुग्ण गोळी सोडतो; म्हणूनच ती लहान मात्रेने सुरू करून घरच्यांना आधी समजावून सांगावे लागते. सीबीटी या समुपदेशन पद्धतीत रुग्णाला मुद्दाम जिने चढायला लावून धडधड निर्माण करतात आणि धडधडीने माणूस मरत नाही, हे त्याच्या शरीरालाच शिकवतात. वर सांगितलेला मुलगा याच वाटेने, पाच महिन्यांत, पुन्हा एसटीने जळगावला एकटा जाऊ लागला.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मानसोपचार विभागात जाण्यात कोणताही कमीपणा नाही. आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे की मात्रा आणि टीएचसीचे प्रमाण न सांगता भीती घालवण्याचा दावा करणारी तेलाची जाहिरात आपण स्वीकारू नये, आणि आरोग्याच्या पानावर शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दर आठवड्याला ठळक अक्षरांत छापावा.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, चोपडा (जि. जळगाव)