लॅसिक्स म्हणजे घोडा पळवायचं इंजेक्शन नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधाने घोडा हलका होतो आणि जोरात पळतो एवढं छापून तुम्ही मोकळे झालात. अहो, हलका होतो म्हणजे काय होतं ते कोण सांगणार? ४ तासांत १०-१५ किलो वजन लघवीवाटे जातं, ती चरबी नसते, अंगातलं पाणी असतं, आणि त्याच्याबरोबर क्लोराइड, पोटॅशियम, कॅल्शियमही वाहून जातं.

तिकडे देतात ते फुप्फुसातला रक्तस्राव कमी करायला. भरधाव घोड्याच्या फुप्फुसात रक्ताचा दाब इतका चढतो की बारीक रक्तवाहिन्या फुटतात, अंगातलं पाणी कमी झालं की दाब थोडा उतरतो, एवढंच. आणि २०२१ पासून खुद्द केंटकी डर्बीतच शर्यतीच्या दिवशी ते द्यायला बंदी आहे, त्यावर लेखात एक ओळ नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. आमच्याकडे यात्रेत घोडागाडीच्या शर्यती होतात. एका मालकाने मेडिकलमधून माणसांचं लॅसिक्स आणून टोचलं, वर सकाळपासून पाणी तोडलं आणि भर उन्हात घोडा पळवला. मी पोचलो तेव्हा तो थरथरत उभा होता, काळजाच्या प्रत्येक ठोक्याला कूस उडत होती, लांबून दिसत होती. कॅल्शियम उतरलं की छातीखालच्या पडद्याची नस इतकी हळवी होते की हृदयाच्या ठोक्यानेच पडदा आकसतो. त्यात घोड्याचा घाम खारट, पाण्याबरोबर मीठही जातं म्हणून अंग कोरडं पडलं तरी त्याला तहान कळत नाही, समोर बादली ठेवली तर तोंड लावेना. आणि मालक मला सांगतो, "डॉक्टर, अमेरिकेत देतात की, पेपरला आलंवतं!" सलाईन, मग हळूहळू कॅल्शियम, रात्र झाली. घोडा वाचला, पण त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणखी एक. लेख रेसच्या घोड्यांचा आणि फोटो वरातीतल्या घोडीचा, हे तुमच्याकडे कुणी बघत नाही का?

यात्रा अजून चालू आहेत. कृपा करून दुरुस्ती याच आठवड्यात छापा, आणि कोपऱ्यात नको, लेख होता त्याच पानावर.

आपला,
एक पशुवैद्य, जि. सांगली