न्यूट्रॉन मोजले, पण कुठल्या दिशेने?

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील ‘कृत्रिम सूर्या’वरच्या लेखात, पिंच यंत्रातून न्यूट्रॉन निघाले म्हणजे संमीलनाचे (हलकी अणुकेंद्रे जुळण्याचे) तापमान गाठले, असे ठामपणे छापले आहे. न्यूट्रॉन खरे असतील; त्यांवरून काढलेले तापमान मात्र चुकू शकते, आणि पूर्वी ते चुकलेले आहे.

पिंच म्हणजे वायूतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडायचा आणि त्याच प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित झालेला तो वायू, आवळायचा. हे बल किती, ते वळवाच्या विजा पाहणाऱ्या कोकणाला सहज पटेल: पोलॉक आणि बॅराक्लो यांनी १९०५ साली ऑस्ट्रेलियात तपासलेली वीज अटकाव यंत्राची पोकळ तांब्याची नळी विजेच्या प्रवाहाने चेपली गेली होती. प्लाझ्मा मात्र तांब्यासारखा जागच्या जागी राहत नाही. पोफळीच्या बागेत शिंपणाचा पाइप हातातून सुटला की वळवळतो, तसा तो वळतो; नाहीतर मध्येच एका जागी बारीक होत तुटतो. त्या बारीक जागी क्षणभर फार मोठा विद्युतदाब तयार होतो. ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) थोडे आयन झोतासारखे पुढे फेकले जातात, बाकीच्या तुलनेने थंड ड्युटेरियमवर आदळतात आणि न्यूट्रॉन निघतात. संमीलन झाले, पण उष्णतेने नव्हे. अशा झोताची बहुतेक ऊर्जा साध्या टकरींतच खर्च होते, म्हणून वीजनिर्मितीला तिचा उपयोग नाही.

इंग्लंडमधील हारवेलच्या झीटा या पिंच यंत्राचे हेच झाले. जानेवारी १९५८ मध्ये ५० लाख अंशांची बातमी जगभर गाजली. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. शास्त्रज्ञ बेसिल रोझ यांनी प्रवाह आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने चालवून न्यूट्रॉनची ऊर्जा मोजली. ती दोन्ही वेळा सारखी येईना. तापलेल्या प्लाझ्मातून न्यूट्रॉन सगळीकडे सारखे, २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास निघायला हवे होते.

ही दिशा तपासणे अवघड नाही. यंत्रापासून १० मीटरवर सिंटिलेटर (किरण पडताच चमकणारा शोधक) ठेवला, तर क्ष-किरण ३३ नॅनोसेकंदांत पोचतात आणि २.४५ चा न्यूट्रॉन सुमारे ४६० नॅनोसेकंदांत. एक सिंटिलेटर अक्षावर, म्हणजे प्रवाहाच्या दिशेत, दुसरा तेवढ्याच अंतरावर बाजूला ठेवायचा. अक्षावरचे न्यूट्रॉन लवकर आले, तर तो झोत आहे.

त्याआधी आणखी एक खात्री हवी. डिस्चार्जच्या क्षणी उठणाऱ्या विद्युतचुंबकीय धक्क्याने काउंटर खोटे आकडे दाखवतो. तेव्हा तेवढ्याच दाबावर साधा हायड्रोजन भरून एक शॉट (डिस्चार्ज) घ्यावा; त्यातून न्यूट्रॉन निघत नाहीत. काउंटर तरीही वाजला, तर ते न्यूट्रॉन नव्हेत. चांदीचा पत्रा गुंडाळलेला गायगर (किरणोत्सार मोजणारा) काउंटर अधिक भरवशाचा, कारण न्यूट्रॉनमुळे चांदीत आलेली किरणोत्सारिता शॉटनंतर सुमारे २४ सेकंदांच्या अर्धायुष्याने उतरताना दिसते. विजेचा गोंगाट तसा उतरत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या महाविद्यालयाने लहान प्लाझ्मा फोकस, म्हणजे पिंचचाच एक प्रकार, उभारला (३० मायक्रोफॅरड, १५ किलोव्होल्ट, म्हणजे सुमारे ३.४ किलोज्यूल), तर खरा त्रास खाऱ्या दमट हवेचा होईल. पावसाळ्यात चेंबर उघडले की काचेच्या इन्सुलेटरला आणि भिंतींना पाणी धरते. शॉटमध्ये ते सुटून ड्युटेरियममध्ये मिसळते, डिस्चार्ज इन्सुलेटरवर एकसारखा पसरत नाही आणि पहिल्या अनेक शॉट्सना न्यूट्रॉन जवळजवळ मिळतच नाहीत. म्हणून यंत्र वापरात नसतानाही चेंबर निर्वातच ठेवावे. बाहेरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला की त्यावरून ठिणगी सरकते; तो स्पिरिटने पुसून कोरडा करावा. शॉर्ट करून सोडलेल्या कपॅसिटरवरही काही वेळाने विद्युतदाब पुन्हा चढतो, तेव्हा अर्थिंगची दांडी काम संपेपर्यंत काढूच नये.

त्या लेखातील न्यूट्रॉनचा आकडा कोणत्या दिशेने मोजला आणि हायड्रोजनचा शॉट घेतला होता का, एवढे संबंधितांना विचारून पुढच्या अंकात छापावे, ही विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी