पगारच नाही, मग पोटगीचे 25 टक्के कशाचे काढायचे?

संपादक साहेब, नमस्कार. माझ्या मावसबहिणीची पोटगीची केस नाशिकमधे चालू आहे, नवऱ्याची दिंडोरीकडे चांगली द्राक्षबाग आहे पण कागदावर कमाई जवळजवळ शून्य दाखवलीय, आणि जो तो सांगतो की पगाराचे 25 टक्के मिळतात, अहो पण पगारच नाही तर काढायचे कशाचे? तो आकडा सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या एका निकालातला आहे, कायद्यात असा फिक्स फॉर्म्युला नाहीच. कोर्ट दोघांची कमाई, राहणीमान, मुलांचा खर्च, सगळं बघतं. शिवाय 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज याचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. हे तिला आठ महिने कुणी सांगितलंच नाही, फार वाईट वाटतं! आता आम्ही सातबारा, द्राक्ष विकल्याच्या पावत्या, ट्रॅक्टरच्या हप्त्यांचे कागद गोळा करतोय, कारण कमाई नाही तर एवढे हप्ते भरतो कशातून? तुमच्या पेपरात एखाद्या वकिलांकडून यावर सविस्तर लिहून घ्या ना, निफाड-दिंडोरीकडच्या बायांना याची खूप गरज आहे.

एक वाचक, सिडको, नाशिक